ठोठावल्यावर थांबणारं दार

शकूमावशी लिफ्टमध्ये नेहमी पाठमोरी शिरायची. डोंबिवली पूर्वेच्या त्या पाच मजली बिल्डिंगमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं. नव्याने राहायला आलेल्यांना मात्र वाटायचं की म्हातारी काहीतरी विसरली आणि परत निघाली. लहानपणीच्या पोलिओने तिचे दोन्ही पाय गेलेले. पायांना कॅलिपर आणि काखेत कुबड्या. लिफ्टच्या डब्यात कुबड्यांसकट वळायला जागा नाही, म्हणून बाहेरच वळायचं, पाठ दाराकडे करायची आणि उलट्या पावली आत जायचं. याला वेळ लागतो. लिफ्टचं दार तेवढा वेळ देत नाही. अंगाला टेकलं की ते मागे सरतं हे खरं, पण टेकण्याचा तेवढा धक्काही शकूमावशीला पुरे होता. लिफ्ट नवीन बसली त्याच वर्षी ती त्या धक्क्याने पडली होती आणि मनगट मोडून घेतलं होतं.

त्यानंतर ती ठोठावायला लागली. लिफ्ट येऊन दार उघडलं की मजल्यावरच्या बटणावर दोन छोटी टकटक, एक लांब दाब, पुन्हा दोन छोटी टकटक. मग दार उघडं राहायचं. मावशी सावकाश वळायची, आत जायची, पदर सारखा करायची, आणि मग कुठे दार मिटायचं. तळमजल्यावर तिचं साडीला फॉल-पिको करून देण्याचं दुकान होतं. चौथ्या मजल्यावरून रोज सकाळी ती एकटी खाली जायची आणि संध्याकाळी एकटी वर यायची. कोणी हात पुढे केला तर म्हणायची, "हात नको, रस्ता सोड."

तिसऱ्या मजल्यावरची प्राची घाग हे बघतच मोठी झाली. लहान असताना तिला वाटायचं, लिफ्ट मावशीला घाबरते. पुढे ती इंजिनिअर झाली. मावशीबरोबरच राहणारे तिचे धाकटे भाऊ हरिहर टिपणीस ज्या कंपनीत होते, तिथेच त्यांच्या शब्दावर तिला नोकरी लागली. कंपनी लिफ्टचे कंट्रोल बोर्ड बनवायची, आणि बिल्डिंगच्या लिफ्टमध्येही हरिहरकाकांचाच बोर्ड होता. तेव्हा ती टकटक म्हणजे कंपनीने दिलेली एखादी सोय असेल, असं तिने गृहीत धरलं आणि विषय मनातून काढून टाकला. हरिहरकाका जाऊन आता तीन वर्षं झाली होती.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कंपनीच्या गाळ्यात एका टेबलावर तोच बोर्ड उघडा मांडलेला असायचा. मजल्यांच्या जागी दिव्यांची रांग, दाराच्या जागी एक छोटी मोटर. आणि त्याला बांधलेला, ऑफिसात सगळे ज्याला ‘चोर’ म्हणत तो प्रोग्राम. चोराचं काम चोराचंच होतं, दारं ढकलून बघायची. माणसाने सांगितलं की पत्र किंवा निबंध लिहून देणारी मॉडेल्स असतात, त्याच जातीचं हे मॉडेल. फक्त याला बोर्डाचा सगळा कोड वाचायला दिला होता, शिवाय शहरातल्या कितीतरी लिफ्टमध्ये लोक बटणं कशी दाबतात त्याच्या नोंदी दिल्या होत्या. त्यावरून ते बटणं दाबण्याचे नवे नवे प्रकार स्वतः रचायचं आणि टेबलावरच्या बोर्डावर चालवून बघायचं. एखाद्या प्रकाराने बोर्ड भलत्याच अवस्थेत गेला की चोर खूश. त्याच अंगाने तो आणखी रचायचा आणि शेवटी काय सापडलं ते साध्या भाषेत लिहून द्यायचा.

ही सगळी खटपट करण्याचं कारण होतं. वर्षभरापूर्वी बोर्डाला इंटरनेट जोडलं होतं. आता मोबाइलवरून लिफ्ट बोलावता यायची. बटण आता भिंतीवर एकटं नव्हतं, ते कुठूनही दाबता येत होतं. त्यामुळे कोडमधलं प्रत्येक जुनं भोक नव्याने तपासणं भाग होतं.

गुरुवारी दुपारी प्राची डबा धुऊन जागेवर येत होती, तेव्हा टेबलावरच्या बोर्डाचे रिले, म्हणजे आतले छोटे स्विच, वाजले. टक टक, टऽक, टक टक. मोटर फिरली आणि दार उघडं राहिलं.

ती डबा हातात घेऊन तशीच उभी राहिली. स्क्रीन बघायच्या आधीच तिला कळलं होतं की चोराला काय मिळालंय.

चोराने लिहिलं होतं ते असं: कुठल्याही बटणावर हा ठेका दिला की बोर्ड दुरुस्तीच्या अवस्थेत जातो. ही अवस्था मेकॅनिकसाठी आहे, तिला किल्ली हवी, पण या वाटेवर किल्ली कोणी मागत नाही. एकदा आत शिरलं की दार उघडं ठेवता येतं, आणि मोबाइलवरून ठेका देत राहिलं तर हवा तितका वेळ लिफ्ट एकाच मजल्यावर खिळवून ठेवता येते. एक नाही, जोडलेल्या सगळ्या.

डेव्हलपमेंटचा प्रमुख विनीत कोपरीहून स्कूटरने यायचा आणि त्याचं हेल्मेट दिवसभर त्याच्याच टेबलावर असायचं. त्याने अहवाल वाचला, हेल्मेट उचलून बाजूला ठेवलं आणि परत वाचला. "हे टिपणीस सरांनी ठेवलंय?" त्याने विचारलं. कोड त्यांचाच होता, दुसऱ्या कोणाचा हात त्या भागाला लागलेला नव्हता. विनीतला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "मी नवीन जॉइन झालेलो ना, तेव्हा माझी एकेक ओळ ते परत लिहायला लावायचे. आणि स्वतः असं मागचं दार ठेवून गेले?"

मग तो कामाला लागला. शनिवारी सगळ्या बोर्डांवर दुरुस्तीचा अपडेट पाठवायचा, हे त्याने तिथल्या तिथे ठरवलं. ग्राहकांना कळवायच्या पत्रात ‘एका माजी कर्मचाऱ्याने ठेवलेली गुप्त वाट’ असं लिहू या, असंही म्हणाला. प्राचीने त्याला शकूमावशीबद्दल सांगितलं. पाय, कुबड्या, मनगट, दुकान, सगळं सांगितलं. विनीत कानाआड टाकणारा माणूस नव्हता. त्याने नीट ऐकून घेतलं.

"मावशींसाठी आपण काहीतरी करू," तो म्हणाला. "पण तो बोर्ड कल्याणच्या एका हॉस्पिटलमध्येपण आहे, प्राची. आत स्ट्रेचर आहे आणि कोणीतरी घरी बसून मजा म्हणून लिफ्ट अडकवून ठेवलीये. चालेल तुला?"

चालणार नव्हतं. प्राचीला ते दिसत होतं, आणि तेच कठीण होतं. विनीत चुकीचं बोलला असता तर भांडता आलं असतं.

दारावर ठोठावण्याची नवी, रीतसर सोय कोडमध्ये करता येईल का, असं तिने विचारलं. येईल, पण चोराने ती पिंजून काढल्याशिवाय बाहेर जाणार नाही, आणि त्याला आठवडा तरी लागेल, असं विनीत म्हणाला. भोक मात्र शनिवारीच बुजवायचं. अपडेट कुठल्या बिल्डिंगला जायचा त्याची निवड प्राचीच्याच हातात असायची. आपली एक बिल्डिंग वगळली तर विनीतला कळणारही नाही, हा विचार तिच्या मनात आला. तो तिने घरी पोचेपर्यंत मनात ठेवला.

शकूमावशी दुकानातच होती. मशीन बंद करून दिवसभराचे धागे गोळा करत होती. प्राचीने स्टूल ओढलं आणि एका दमात सांगून टाकलं, की लिफ्टमधली ती टकटक कंपनीची सोय नव्हती, हरिहरकाकांनी ती गुपचूप ठेवली होती, आता ती सापडलीये आणि शनिवारी बंद होणार. शेवटी तिने वगळण्याचंही सांगितलं. आपली बिल्डिंग ठेवते तशीच, कोणाला कळणार नाही.

मावशीने धाग्यांची गुंडाळी केली आणि डब्यात टाकली. तिला धक्का बसेल असं प्राचीला वाटलं होतं. मावशीने वेगळंच विचारलं.

"सापडली कोणाला? तुमच्या त्या विनीतला?"

"नाही. एक प्रोग्राम आहे, त्याला सापडली. तो स्वतःच असे प्रकार रचून बघतो."

"स्वतः रचली म्हणतेस," मावशी म्हणाली. "मला नाही वाटत. ती मी निम्म्या डोंबिवलीला शिकवलीये."

प्राचीला आधी ती थट्टा वाटली. पण मावशी बोटांवर मोजून सांगायला लागली. समोरच्या पेंडशांची सून दिवसांत असताना तिला दारात धाप लागायची, तिला शिकवली. त्या सुनेने माहेरी, कल्याणला, आईला शिकवली, तिचे गुडघे गेलेत. मग आनंदा, पाण्याचे जार चढवतो तो, त्याला एका वेळी दोन जार आत घ्यायचे असतात. जुळ्या मुलींची आई आहे एक, मानपाड्याहून साड्या घेऊन येते. हौसाबाई, जिच्या नवऱ्याला व्हीलचेअर लागली. साडी द्यायला बाई आली, चेहरा उतरलेला दिसला, चौकशी केली, लिफ्टचं दार पायात येतं म्हणाली, की मावशी विचारायची, तुमच्या लिफ्टच्या बटणाला निळी कड आहे का? असली तर ठोठावा. निळी कड म्हणजे हरीचा बोर्ड.

"फॉल लावायचे पैसे घेते, हे फुकट देते," ती म्हणाली.

प्राचीने हात डोक्याला लावला. चोराला दिलेल्या नोंदी याच बिल्डिंगांतल्या होत्या. मानपाडा, कल्याण, समोरची पेंडशांची सोसायटी. कोणीतरी रोज कुठेतरी ठोठावत होतं आणि त्याची नोंद होत होती. त्या लाखो दाबांमधून मॉडेलने हा ठेका उचलला होता. त्याने काही रचलं नव्हतं. तो मावशीकडूनच शिकला होता, मधे चार बायकांची तोंडं फिरून.

म्हणजे विनीत म्हणत होता त्यापेक्षा गोष्ट वाईट होती. जे गुपित समजत होते ते शहरभर झालं होतं, आणि उद्या ते कोण्या टवाळाच्या हाती लागायला वेळ लागणार नव्हता. प्राचीने हे मावशीला सांगितलं. हॉस्पिटलचंही सांगितलं.

मावशीने धाग्यांच्या डब्याचं झाकण लावलं. मग तिने हरीबद्दल सांगितलं, न विचारता. कल्याणच्या चाळीत ते वाढले. आईवडील कामावर, ही घरात एकटी, दाराला आतून कडी. हरी शाळेतून आला की दार वाजवायचा आणि ही धडपडत उठायची, दोनदा पडली. मग त्याने ठरवून दिलं. दोन छोट्या, एक मोठी, दोन छोट्या अशी टकटक आली की समजायचं हरी आहे, आणि घाई करायची नाही. तो पायरीवर बसून राहील. कितीही वेळ.

"लिफ्टच्या दाराने पडून माझं मनगट मोडलं, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने मला बटणापाशी नेलं आणि म्हणाला, ताई, ठोठाव. बस. मी म्हटलं, अरे, कंपनीला चालतं का हे? तर म्हणाला, कंपनीला विचारलं तर मीटिंग होईल."

प्राचीला हसू आलं.

"बंद कर तू," मावशी म्हणाली. "आपलीपण. माझ्यासाठी कोणाचं स्ट्रेचर अडकायला नको. हरी असता तर त्याने स्वतःच केलं असतं, फक्त आधी दहा वेळा नाक पुसलं असतं."

शनिवारी प्राचीने स्वतःच्या हाताने अपडेट पाठवला. सगळ्या बिल्डिंगांना. पत्राचा मसुदाही तिने मागून घेतला आणि त्यात लिहिलं की दुरुस्तीच्या अवस्थेला कुलूप नव्हतं, ते आता लावलं आहे. माजी कर्मचाऱ्याचा उल्लेख तिने केला नाही. विनीतने वाचून तसंच जाऊ दिलं.

सोमवारपासून फॉल-पिकोचं दुकान उघडलं नाही. शकूमावशीने सोमवारी सकाळी एकदा प्रयत्न केला होता. दार कुबडीवर आलं, ती भिंतीला टेकली, आणि परत घरात गेली. शेजारच्यांनी पाळी लावून दार धरू म्हटलं, तर तिने सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावलं. प्राची रोज ऑफिसला जाताना चौथ्या मजल्यावर चढून जायची. मावशी गॅलरीत बसून हाताने काजबटणं करत असायची आणि विचारायची, "झाला का गं तुझा चोर खूश?"

चोर खूश होत होता, हीच अडचण होती. प्राचीने नवी सोय अगदी साधी ठेवली होती. बटणावरचा दिवा लागेपर्यंत दाबायचं, मग सोडून द्यायचं. दार थोडा जास्त वेळ थांबेल. दुरुस्तीच्या अवस्थेशी काही संबंध नाही, दुसरं काहीही उघडत नाही. आणि हे भिंतीवरच्या बटणालाच कळणार, मोबाइलला नाही. तिला वाटलं, यात शिरायला जागाच नाही. चोराला पहिल्याच दिवशी सापडली. वेळ संपायच्या आत पुन्हा दाबलं की वेळ पहिल्यापासून मोजला जात होता, म्हणजे कोणी दाबतच राहिलं तर दार कधीच मिटणार नाही. विनीत म्हणाला, हे शोधायला मॉडेल कशाला, शाळेला सुट्टी लागायची वाट बघायची. प्राचीने ते बदललं. लागोपाठ किती वेळा थांबायचं त्याला हद्द घातली. मग चोराने दोन मजल्यांवर एकदम दाबून पाहिलं, वीज घालवून परत आणून पाहिलं, आणि तेही दुरुस्त झालं. गुरुवारी त्याने दिवसभर दारं ढकलली आणि संध्याकाळी लिहून दिलं की या भागात त्याला काही मिळालं नाही. प्राचीने त्या वाक्याकडे बराच वेळ पाहिलं. परीक्षेत पास झाल्यावरही तिला कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.

एकच गोष्ट राहिली होती, दार थांबायचं किती. जुन्या कोडमध्ये काकांचा आकडा होताच. तोच उचलून ठेवणार, तेवढ्यात तिचा हात अडला. शुक्रवारी सकाळी ती घरातून थोडी उशिरा निघाली आणि मावशीला म्हणाली, एकदा लिफ्टमध्ये शिरून दाखव, मी दार धरते, फक्त मोजायला. मावशीने नाक मुरडलं, पण उठली.

प्राचीने फोनवर घड्याळ लावलं. मावशीने वळायला सुरुवात केली. डावी कुबडी, मग उजवी, मग मधे थांबून श्वास. नंतर पाठीमागे पाय सरकवणं, तेही थांबत थांबत. काकांचा आकडा संपला तेव्हा मावशीचा एकच पाय उंबऱ्याच्या आत होता.

प्राचीने घड्याळ बंद केलं नाही. मावशी आत पोचली, डब्याच्या भिंतीला टेकली आणि डोळे मिटून उभी राहिली.

"मावशी, पूर्वीची वेळ तुला पुरत नव्हती."

मावशीने डोळे न उघडताच होकारार्थी मान हलवली.

"कधीपासून?" प्राचीने विचारलं.

"हरी गेला त्याच्या पुढच्या वर्षापासून असेल. पाय काय, वय होतंच," ती म्हणाली. "मी दोनदा ठोठावायचे. अर्ध्यात थांबून, कुबडी भिंतीला लावून, परत एकदा. एक-दोनदा राहून गेलं, तर दार लागलं खांद्याला."

"मला का नाही सांगितलंस? मी त्याच कंपनीत आहे."

"काय सांगू? त्याने जेवढा वेळ दिला होता तेवढ्यात मला जमत नाही आता, असं? तो आला असता ना गं धावत वेळ वाढवायला. आता कोण येणार. मग मीच भरभर करायला लागले." तिने एक डोळा उघडून प्राचीकडे पाहिलं. "त्याला मोजताना मी कधी बघितलं नाही. रोज सकाळी इथे उभा राहून पेपर वाचायचा, मी आत जाईपर्यंत. मला वाटायचं, घरात उजेड नाही म्हणून इथे वाचतो."

प्राचीने दार धरलेला हात बदलला. फोनवरचा आकडा अजून पुढे पळत होता. तिने तो तसाच पळू दिला, आणि मावशीला विचारलं की आत आल्यावर पदर सारखा करायला, पिशवी खांद्यावर घ्यायला, दमच खायला अजून थोडा वेळ हवा का.

"मागितला तर मीटिंग होईल ना?"

"नाही होणार. मीच ठरवते."

"मग दे," मावशी म्हणाली. "भरपूर दे."

प्राचीने भरपूर दिला. चोराने त्या आकड्यावर पुन्हा एकदा सगळी दारं ढकलून पाहिली आणि रिकाम्या हाताने परत आला. पाचव्या मजल्यावरचे लोक लिफ्टला उशीर होतो म्हणून कुरकुरतील, असं विनीत म्हणाला आणि अहवालावर सही केली. बटणाखाली लावायचे स्टिकरही त्यानेच छापून आणले. दिवा लागेपर्यंत दाबा, दार थांबेल, असं मोठ्या अक्षरांत मराठीत. गुपित काहीच नाही. ज्याला हवं त्याने वाचावं.

पुढच्या मंगळवारी सकाळी नवा अपडेट लागला. प्राची कामावर जायच्या आधी चौथ्या मजल्यावर आली तेव्हा मावशी तयार होऊन बाहेर उभी होती. खांद्यावर पिशवी, त्यातून अर्धवट पिको केलेल्या साडीचं टोक बाहेर आलेलं. लिफ्ट आली. मावशीने बटण दाबलं. दिवा लागला. तिने बोट काढलं, कुबडी काखेत नीट बसवली आणि वळायला लागली.

प्राची दोन पावलं मागे जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहिली. तिचे हात आपोआप पुढे येत होते, म्हणून तिने बॅगेचा पट्टा धरून ठेवला. मावशी मधे थांबली. दाराकडे एकदा मान वळवून पाहिलं. दार उघडं होतं. तिने श्वास घेतला, आणखी एक घेतला, आणि मग कुठलीही घाई न करता एक पाय मागे टाकला. मग दुसरा. आत गेल्यावर पिशवी पुढे घेतली, साडीचं टोक आत खोचलं, केसातली पिन काढून परत लावली. तरी दार उघडंच.

"अगं, हे मिटणार आहे की नाही?" ती आतून म्हणाली. "गिऱ्हाइकं येतील माझी."

"मिटेल," प्राची म्हणाली. "थांब जरा."